चार वर्षांचा मुलगा अजून लिहीत नाही, शाळा बदलू का?

प्रश्न : मला दोन मुलं आहेत. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा, मुलगी वीस महिन्यांची. मुलगा गेल्या वर्षापासून एका बालवाडीत जातो. तिथे वह्या नाहीत, गृहपाठ नाही. "आज काय केलंस?" विचारलं की "खेळलो" एवढंच उत्तर मिळतं. त्याच्याच वयाचा माझ्या नणंदेचा मुलगा दुसऱ्या शाळेत जातो. तो मुळाक्षरं लिहितो, शंभरपर्यंत अंक म्हणतो, त्याच्या भरलेल्या वह्या घरी येतात. गेल्या महिन्यात सगळे जमलो होतो, तेव्हा दोघांना शेजारी बसवून कुणीतरी लिहायला सांगितलं. भाच्याने पानभर अक्षरं काढली. माझ्या मुलाने एक गोल काढला आणि "हा डायनासोर" म्हणून सांगितलं. सगळे हसले. तेव्हापासून शाळा बदलायची, असं नवऱ्याने ठरवलंय आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले आहे. भाच्याच्या शाळेत धाकटीलाही आतापासून घेतात, सकाळी नऊ ते दुपारी दोन. "लवकर सुरुवात केली की पुढे जड जात नाही," असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी नोकरी करते. धाकटीला सासूबाई सांभाळतात, पण आता त्याही थकतात. दोघांनाही तिथे घालावं का? आणि तोपर्यंत मोठ्याकडून घरी लिहून घ्यायला सुरुवात करू का?
– एक आई

उत्तर :

आधी त्या डायनासोरबद्दल बोलू, कारण या सगळ्या प्रकरणात खरा अन्याय त्याच्यावर झालाय.

तुमच्या मुलाने टोकं जुळवून गोल पूर्ण केला आणि समोर नसलेल्या एका प्राण्याचं नाव त्याला दिलं. कागदावरची खूण दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी राहू शकते, हे त्याला कळलंय. अक्षर म्हणजे तरी वेगळं काय असतं? 'क' या आकाराचा त्या आवाजाशी दिसण्यातला काहीच संबंध नाही. सगळ्यांनी मानलं म्हणून तो आकार त्या आवाजाच्या जागी उभा आहे. ज्याला गोलात डायनासोर दिसतो, त्याला ही गंमत वेगळी शिकवावी लागत नाही. त्या दिवशी हसण्याऐवजी कुणी "हा कुठे निघालाय?" असं विचारलं असतं, तर एक अख्खी गोष्ट ऐकायला मिळाली असती. आणि चार वर्षांच्या मुलाची भाषा कुठवर आलीय हे कुठल्याही वहीपेक्षा त्या गोष्टीतून जास्त कळलं असतं.

आता हाताचं. मुलं आकार काढायला साधारण एका क्रमाने शिकतात. बालविकास तपासणारे डॉक्टर आणि थेरपिस्टही हा क्रम वापरतात. उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, गोल तीनच्या, अधिकचं चिन्ह चारच्या, चौकोन साडेचारच्या आणि त्रिकोण पाचच्या आसपास. प्रत्येक मूल थोडं पुढेमागे असतं, पण तिरकी रेघ हाताला उशिरा वळते, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं असतं. आणि आपली मुळाक्षरं डोळ्यांसमोर आणा : गाठी, वळणं, तिरके फाटे, दोन रेघांची नेमकी गाठ पडायची जागा. त्रिकोण न जमणाऱ्या हाताकडून 'झ' काढून घेता येतोच. ठिपके जोडायला लावून, बोट धरून, पानंच्या पानं गिरवून तो येतो. पण त्या पानांमागे किती कंटाळा आणि किती डोळ्यांतलं पाणी होतं, हे वहीत उमटत नाही.

भाच्याला मी कमी लेखत नाही. काही मुलांचा हात खरोखरच लवकर तयार होतो आणि त्यांना लिहायला मनापासून आवडतं. तो तसा असेल तर छानच. माझी शंका त्याच्याबद्दल नाही. वही पाहून दोन मुलांची तुलना करता येते, हे जे तुमच्या घरात सगळ्यांनी न बोलता मान्य केलंय, त्याबद्दल आहे.

अंकांचंच घ्या. शंभरपर्यंत अंक म्हणणं आणि शंभरपर्यंत मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पाठांतराची, बडबडगीत म्हणण्यासारखी. दुसरीसाठी मुलाला हे उमगावं लागतं की मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे त्या सगळ्या वस्तूंची संख्या. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास याचा एक साधा खेळ वापरून अभ्यास केला. समोर वस्तूंचा ढीग ठेवायचा आणि "मला तीन दे" म्हणायचं. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी लहान मुलं अशा वेळी सरळ मूठभर वस्तू उचलून देतात. त्यांना आधी 'एक' कळतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि बहुधा साडेतीन-चारच्या आसपास कधीतरी सगळ्या मोजण्याचं मर्म एकदम उलगडतं. घरी बटणं घेऊन करून बघा. "सहा दे" म्हटल्यावर तुमच्या मुलाने मोजून सहा दिली, तर गणिताची चिंता आजपुरती मिटली असं समजा. (हा प्रयोग नणंदेच्या मुलावर मात्र करू नका. तुम्हाला त्या घरी पुढेही जायचंय.)

बाईंचं ते "लवकर सुरुवात केली की पुढे जड जात नाही" हे वाक्यही जरा तपासून घेऊ, कारण ते ऐकायला इतकं पटणारं आहे की कुणी उलट विचारतच नाही. फिनलंडमध्ये शाळेतलं औपचारिक शिक्षण सातव्या वर्षी सुरू होतं आणि तिथली मुलं वाचनात जगाच्या मागे पडलेली नाहीत. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकवायला घेतलेली आणि सातव्या वर्षी घेतलेली मुलं ताडून पाहिली. अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांच्या वाचनक्षमतेत फरक उरला नव्हता. याचा अर्थ सातव्या वर्षापर्यंत काहीच करायचं नाही असा घेऊ नका. उशिरा वाचायला लागलेली ती मुलं रिकामी बसलेली नव्हती. गोष्टी, गाणी, गप्पा, खेळ यांत त्यांचा वेळ गेला होता.

एक आडवळण घेते, कारण हा आक्षेप कुणीतरी काढेलच : मारिया माँटेसरी यांच्या बालगृहातली मुलं तर चार-पाच वर्षांची असतानाच लिहू लागली होती! खरं आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं आणि तिथल्या मुलांचं लिहिणं पाहून लोक थक्क झाले. पण त्याआधी त्या मुलांच्या हातांनी काय काय केलं होतं तेही पाहा. लाकडी साच्यांच्या कडेने बोटं फिरवली होती, खरखरीत कागदाची अक्षरं चाचपली होती, बंद-बटणं लावली होती, पाणी ओतलं होतं. हात आधी तयार झाला, लिहिणं नंतर आलं, आणि तेही मुलांच्या मर्जीने. त्याला महागडं साहित्यच लागतं असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच केवढं तरी साहित्य उभं केलं होतं.

तर मग "खेळलो" म्हणजे नेमकं काय झालं?

हे वयावर अवलंबून आहे, आणि तुमच्या दोन मुलांसाठी एकच शाळा शोधताना नेमकं हेच निसटतंय. वीस महिन्यांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांच्या गरजा जवळजवळ वेगळ्या जगातल्या आहेत.

पहिल्या दोन वर्षांत 'अभ्यासक्रम' म्हणजे समोरचं मोठं माणूस. मूल बोट दाखवतं, मोठं माणूस तिकडे पाहून "हो, पक्षी! उडाला" म्हणतं, मूल पुन्हा काहीतरी बोलतं. दिवसभरात शेकडो वेळा होणारी ही देवाणघेवाण भाषेचा आणि मनाच्या स्थैर्याचा पाया घालते. आणि ती घाऊक करता येत नाही. बारा तान्ह्या पोरांसमोर उभं राहून चित्रांचे तक्ते दाखवणं ही दिसायला शाळा असते, पण त्यात बाराही मुलांना मिळून एकच संवाद मिळतो.

दोन ते तीन या वयात मुलं एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांसोबत फारशी नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचं वर्गीकरण केलं, त्यात एकट्याच्या खेळापासून शेजारी-शेजारीच्या खेळापर्यंत आणि तिथून मिळून खेळण्यापर्यंतच्या पायऱ्या मांडल्या. त्यामुळे अडीच वर्षांची मुलं वस्तू वाटून घेत नाहीत म्हणून त्यांना ओरडणारी ताई दिसली, की तिला या वयाची मुलं फारशी ठाऊक नाहीत असं समजायला हरकत नाही. या वयाला हवी असते भरपूर हालचाल, वाळू-पाणी-माती, उघडझाप करायच्या वस्तू, रोज तसंच घडणारं वेळापत्रक आणि कंटाळा न करता तीच गोष्ट दहाव्यांदा सांगणारं कुणीतरी.

तीननंतर 'आपण असं असं होऊ' सुरू होतं. खुर्च्यांची बस होते, एक जण चालक, एक तिकीट देणारा, आणि तिसरा रडतो कारण त्यालाही चालकच व्हायचंय. बाहेरून हा गोंधळ दिसतो. पण चालक ठरवताना मुलं घासाघीस करतात, आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि तिकीट देणारा मध्येच उठून उड्या मारत नाही, कारण तिकीट देणारा तसं करत नसतो. स्वतःला आवरण्याचं एवढं चांगलं शिक्षण "हाताची घडी, तोंडावर बोट" मधून मिळत नाही. तीन वर्षांच्या मुलाला रंगानुसार पत्ते लावायला सांगा, तो लावेल. मग "आता आकारानुसार लाव" म्हणा, तो बहुधा रंगानेच लावत राहील. पाच वर्षांचं मूल सहज बदल करतं. मधल्या दोन वर्षांत डोक्यात हे जे घडतं, त्याची वर्कशीट निघत नाही.

तुमचा मुलगा आत्ता नेमका याच मधल्या टप्प्यात आहे. चारच्या आसपास मुलांना आणखी एक विलक्षण गोष्ट कळते : दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं, आणि चुकीचंही, काही असू शकतं. १९८३ मध्ये हाइंझ विमर आणि योझेफ पर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलाने वस्तू एका कपाटात ठेवली, तो बाहेर गेला, आईने ती दुसऱ्या कपाटात हलवली. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, जिथे आत्ता आहे तिथे. चार-पाच वर्षांची मुलं ओळखतात की त्याला ते ठाऊकच नाही, तो जुन्या जागीच पाहील. दुसऱ्याची बाजू समजणं, थाप मारणं, गोष्टीतल्या पात्राची गंमत कळणं हे सगळं इथून पुढे बहरतं. वाचनाची खरी पूर्वतयारीही या वयातच होते, पण ती बहुतांशी कानाने होते. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की यमक आणि सारखे आवाज ओळखण्याची चार-पाच वर्षांच्या मुलांची क्षमता त्यांच्या पुढच्या वाचनाशी जोडलेली असते. म्हणजे 'पाटी-काठी-माती' असं निरर्थक बडबडत तुमचा मुलगा हुंदडतो, तेव्हा तो वाचायचीच तयारी करत असतो.

इतकं वाचून "म्हणजे आमची बालवाडीच चांगली" असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल तर जरा थांबा. मी ती पाहिलेली नाही. खेळाच्या नावाखाली खोलीत चार प्लॅस्टिकची खेळणी टाकून ताया दारात गप्पा मारतात, अशाही बालवाड्या असतात. आणि बालशिक्षणाने भलं होतंच, असंही नाही.

अमेरिकेतला १९६२ मध्ये सुरू झालेला पेरी बालवाडी प्रकल्प या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावातली गरीब घरांतली १२३ मुलं, त्यांतल्या ५८ जणांना तीन-चार वर्षांचे असताना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. पुढे चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा माग ठेवला गेला. बुद्ध्यंकातला सुरुवातीचा फायदा काही वर्षांतच विरून गेला. पण बालवाडीतल्या मुलांनी शालेय शिक्षण जास्त प्रमाणात पूर्ण केलं, कमाई जास्त केली, आणि पोलिसांच्या तावडीत ती कमी सापडली. हे उदाहरण देऊन शाळा स्वतःची जाहिरात करतात, तेव्हा दोन तपशील गाळतात. तिथे वर्ग रोज सकाळी साधारण अडीच तासच भरायचा, आणि उत्तम प्रशिक्षित शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत.

आता दुसरी बाजू. टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास तीन हजार मुलं, प्रवेश चिठ्ठ्या टाकून, त्यामुळे तुलना बरीच निर्दोष. बालवाडीत गेलेली मुलं सुरुवातीला पुढे होती. सहावीपर्यंत मात्र ती न गेलेल्या मुलांपेक्षा परीक्षांमध्ये मागे पडली होती आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. असं का झालं यावर अजून वाद आहे. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की 'लवकर शाळेत' याला स्वतःचं काही वजन नाही. तिथे दिवसभर काय चालतं, यावर सगळं ठरतं. पेरीच्याच मंडळींनी पुढे ६८ मुलांवर तीन पद्धतींची तुलना केली, त्यात सतत शिकवून घेणाऱ्या वर्गातल्या मुलांना मोठेपणी वागणुकीचे प्रश्न जास्त आढळले. पण मुलं थोडी होती आणि अभ्यास करणारे एका बाजूचे होते, म्हणून तो निष्कर्ष मी ताणत नाही.

तेव्हा पत्रं, जाहिराती आणि नणंदेच्या वह्या बाजूला ठेवून दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बसा. नवऱ्याला बरोबर न्याच. निर्णय दोघांचा असेल तर पाहणंही दोघांचं हवं. तासभर तरी बसा, आणि स्नेहसंमेलनाच्या किंवा खास पालकभेटीच्या दिवशी नाही, साध्या दिवशी. शाळा कुठल्याही कारणाने वर्ग बघू देत नसेल, तर ते कारण मला तरी पुरेसं वाटणार नाही.

बसल्यावर भिंतीकडे बघा. तीस चित्रं आणि तीसही चित्रांत तोच डोंगर, तोच सूर्य, तेच घर असेल, तर ती चित्रं ताईंची आहेत. मग ताईंकडे बघा : त्या मुलांच्या उंचीला वाकतात, बसतात, की वरूनच बोलतात? त्यांचे प्रश्न "हा रंग कोणता?" या एका शब्दात संपणाऱ्या जातीचे आहेत, की "हा मनोरा पडू नये म्हणून काय करता येईल?" असेही असतात? इंग्लंडमध्ये १९९७पासून तीन हजारांवर मुलांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात चांगल्या बालवाड्यांत हेच ठळक दिसलं : मोठं माणूस आणि मूल मिळून एखाद्या गोष्टीवर बराच वेळ विचार करत राहतात. एखादं मूल रडलं की काय होतं, ते तर नक्की बघा. "गप्प बस, बाकीचे बघ कसे शहाणे" हे ऐकू आलं की मी तिथून उठेन. मुलं सलग किती वेळ बसून असतात आणि रांगेत, वाट पाहण्यात किती वेळ जातो, तेही बघा. आणि शेवटी ताईंना एकच प्रश्न विचारा : "गेल्या महिन्याभरात याच्यात काय बदललं?" ज्या ताई सांगतील की आधी तो मनोरा पडला की रडायचा, आता रुंद ठोकळा खाली घेतो, त्यांच्याकडे तुमच्या मुलाची वही आहे. "छान आहे, थोडा मस्तीखोर आहे" एवढंच उत्तर आलं, तर सध्याची बालवाडी बदलायचा विचार मी तुमच्यासोबत करेन, भाच्याच्या अक्षरांशी त्याचा संबंध न लावता.

मुलालाही वेगळं विचारून बघा. "काय केलंस?" याला मोठी माणसंसुद्धा "काही नाही" म्हणतात. "आज कोण रडलं?", "बस कुणी चालवली?" असं विचारा.

तुमच्या नवऱ्याच्या काळजीत एक गोष्ट मात्र रास्त असू शकते. तुम्ही पुढे ज्या शाळेत त्याला घालणार आहात, तिथे पहिलीच्या पहिल्याच दिवशी लिहिता येणं गृहीत धरत असतील, तर तो प्रश्न खरा आहे. आपल्या तत्त्वांची किंमत मुलाने वर्गात मान खाली घालून चुकवायची, हे मला मान्य नाही. त्या शाळेत जाऊन नेमकं काय अपेक्षित आहे ते विचारून घ्या. तसं असेल तर आधीच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे तो साडेपाचच्या पुढे गेल्यावर, रोजची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यासाठी आज मित्र, ओळखीच्या ताई, सवयीची जागा सगळं मोडायची गरज नाही.

आता धाकटी. तुमच्या पत्रातलं खरं कारण शेवटून कुठेतरी आलंय : सासूबाई थकतात. हे कारण पुरेसं आहे. त्याला 'लवकर सुरुवात' असं नाव द्यायची गरज नाही, कारण नाव बदललं की निवडही चुकते. शिक्षण हवं म्हटलं की तुम्ही तक्ते आणि गणवेश बघाल. सांभाळणं हवं म्हटलं की सांभाळणारं माणूस बघाल, आणि वीस महिन्यांच्या मुलीसाठी तेच बघायचं असतं. अमेरिकेत १९९१पासून तेराशेवर मुलांचा जन्मापासून माग ठेवला गेला. त्यात दिसलं की मूल घरी वाढलं की बाहेर, यापेक्षा घरातलं वातावरण आणि आईवडिलांशी असलेलं नातं यांचा प्रभाव मोठा. बाहेरची देखभाल चांगली असेल तर भाषेला थोडा फायदा, आणि तिथले तास खूप वाढले तर हट्ट, आक्रमकपणा थोडा जास्त. दोन्ही परिणाम लहान. म्हणजे ती बाहेर राहिली म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, आणि घरी राहिली म्हणून ती मागेही पडत नाही.

त्या शाळेत या वयाच्या किती मुलांमागे एक ताई आहे ते विचारा. अमेरिकेतली बालशिक्षणाची राष्ट्रीय संघटना या वयाला चार मुलांमागे एक आणि अडीच ते पाच वर्षांच्या मुलांना दहामागे एक असं प्रमाण सुचवते. प्रत्यक्षात ते सगळीकडे मिळत नाही, पण बारामागे एक असेल तर मी नको म्हणेन. तीच ताई रोज असते का, की दर दोन महिन्यांनी बदलते? नऊ ते दोनमध्ये तुमची मुलगी झोपणार कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार या वयाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप आणि तीन तासांची हालचाल हवी, दोन वर्षांच्या आत स्क्रीन तर नकोच. 'स्मार्ट क्लास' अशी पाटी या वयाच्या खोलीवर दिसली तर हे आठवा. माझं मत विचाराल तर पाच तासांची शाळा आत्ता नको. सासूबाईंना रोज दोन-तीन तास मोकळे मिळतील अशी मदत घरी येते का ते बघा, किंवा मोजक्या मुलांचं एखादं पाळणाघर अर्ध्या दिवसासाठी. वर उल्लेखलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात पूर्ण दिवस जाणारी मुलं अर्ध्या दिवसवाल्यांपेक्षा जास्त शिकली, असंही दिसलं नव्हतं. कुठेही घातलंत तरी पहिले काही दिवस तुमच्यापैकी कुणीतरी सोबत बसा आणि निघताना तिला सांगून निघा. नजर चुकवून पळालात तर ती पुढे तुम्हाला न्हाणीघरातही एकटीला जाऊ देणार नाही.

दोन्ही मुलांच्या बाबतीत, वहीपेक्षा वेगळ्या काही गोष्टी खरंच काळजीच्या असतात. धाकटी दोन वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, बोटाने दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल. मोठ्याचं बोलणं बाहेरच्या माणसांना बहुतांशी कळत नसेल, तो खोटं-खोटं खेळत नसेल, दोन टप्प्यांची सूचना त्याला पेलत नसेल. किंवा दोघांपैकी कुणी आधी येत असलेलं काही विसरत चाललं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. "होईल हळूहळू" म्हणून वर्ष घालवू नका. शाळा बदलल्याने यातलं काही सुटत नाही.

राहिलं घरी लिहून घेण्याचं. नको. दिवसभराच्या नोकरीनंतर तुमच्याकडे जो अर्धा तास उरतो, तो 'अ' गिरवण्यावरून रडारडीत घालवू नका. त्या वेळात पुस्तक वाचा, पण थांबत थांबत : "आता हा काय करेल?", "तुला असं कधी झालं होतं?" ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये काही पालकांना असं प्रश्न विचारत वाचायला शिकवलं, तेव्हा महिनाभरातच त्यांच्या मुलांच्या बोलण्यात स्पष्ट फरक पडला. ती मुलं दोन-अडीच वर्षांची होती, म्हणजे धाकटीही मांडीवर असली तर चालेल. हातासाठी माती मळणं, कात्रीने जुने कागद कापणं, चिमटे लावणं, मणी ओवणं, खडूने फरशीवर मोठमोठं काढणं पुरे. आणि एखाद्या दिवशी त्यानेच येऊन "माझं नाव कसं लिहितात?" विचारलं, तर अर्थातच लिहून दाखवा, मोठं आणि सावकाश. दोन अक्षरं काढून तो बसमध्ये बसायला पळाला तर पळू द्या, उरलेली तिसरी त्याच्याकडून पूर्ण करून घेऊ नका.